पैसे कोणाकडे, कायदा कुठला

परकीय चलनाच्या व्यवहारांबद्दल मराठीत जे काही लिहिले-बोलले जाते, ते बहुतेक चार्ट, सिग्नल आणि सौद्याच्या वेळा यांच्याभोवती फिरते. ब्रोकर कोणता घ्यावा, असे कोणी विचारले की उत्तर एका नावात मिळते: अमुक घ्या, त्याचा स्प्रेड कमी आहे, पैसे लगेच काढता येतात. हे पुस्तक नेमके या उत्तरापाशी अडून बसते, म्हणूनच त्याला प्रस्तावना लिहावीशी वाटली. ब्रोकरची विश्वासार्हता त्याच्या नावावरून, कंपनीच्या वयावरून किंवा ॲपच्या सफाईवरून कळत नाही. ती ठरते तुमच्या करारावरून. तो करार कोणत्या देशात नोंदलेल्या कोणत्या कंपनीशी झाला आहे, तुमचे पैसे कोणाच्या नावच्या खात्यात आहेत, आणि ती कंपनी उद्या बुडाली किंवा तिने पैसे द्यायला नकार दिला तर तुमचा दावा ऐकून घेणे कोणाला बंधनकारक आहे, एवढे आधी समजले पाहिजे. स्प्रेड (खरेदी-विक्रीच्या भावांतला फरक), लिव्हरेज (थोड्या मार्जिनवर, म्हणजे अनामत रकमेवर, मोठा सौदा करण्याची सोय), सौद्याचा वेग यांची चर्चा त्यानंतर. हा क्रम उलटला की काय होते, याचे दाखले गेल्या वीस वर्षांत पुरेसे जमा झालेले आहेत.

शेअरबाजाराची सवय असलेल्या वाचकाला पहिली अडचण इथेच येते. राष्ट्रीय शेअरबाजारात आपण शेअर घेतो तेव्हा समोरचा विकणारा कोण हे आपल्याला माहीत नसते आणि असण्याची गरजही नसते, कारण दोघांच्या मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन उभी असते. भाव सगळ्यांना एकच दिसतो. परकीय चलनाच्या जागतिक बाजारात असे काही नाही. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या मोजणीनुसार एप्रिल २०२५ मध्ये या बाजाराची रोजची उलाढाल सुमारे ९.६ लाख कोटी डॉलर होती. पण यातला बहुतांश व्यवहार बँका आणि मोठ्या वित्तसंस्था आपापसांत करतात, त्याला एक इमारत नाही, एक भावफलक नाही. छोट्या ग्राहकाला पडद्यावर दिसतो तो त्याच्या ब्रोकरने दिलेला भाव. बहुतेक वेळा सौद्यातली दुसरी बाजूही ब्रोकरचीच असते. तो तुमचा सौदा पुढे बँकेकडे देऊ शकतो, किंवा स्वतःच्या पुस्तकात ठेवू शकतो, ज्याला या धंद्यात बी-बुक म्हणतात. स्वतःकडे ठेवला तर तुमचा तोटा हा त्याचा नफा. एवढ्यावरून कोणी लबाड ठरत नाही. जपानपासून ब्रिटनपर्यंत परवानाधारक कंपन्या हे उघडपणे करतात. गुन्हा घडतो तो लपवण्यात. अमेरिकेतली एफएक्ससीएम ही एकेकाळी किरकोळ चलन-व्यवहारातली बडी कंपनी. आपल्याकडे डीलिंग डेस्क नाही, सौदे थेट बाहेरच्या बँकांकडे जातात, असे ती ग्राहकांना सांगत असे. प्रत्यक्षात समोरचे सौदे घेणाऱ्या एका कंपनीत तिचे आर्थिक हितसंबंध गुंतलेले होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये अमेरिकी नियामकांनी तिला ७० लाख डॉलरचा दंड केला आणि तिथल्या बाजारातून बाहेर काढले. ही फसवणूक ग्राहकांच्या परीक्षणांतून उघडकीला आली नाही. दफ्तर तपासण्याचा अधिकार असलेली संस्था होती, म्हणून आली.

करार कोणाशी आहे हे किती महत्त्वाचे, ते २००५ सालच्या रेफ्को प्रकरणात फार स्पष्ट दिसते, आणि माझ्या मते या विषयात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाने ते आधी वाचावे. रेफ्को ही न्यू यॉर्कची नामांकित दलाली कंपनी. ऑगस्ट २००५ मध्ये तिचे शेअर सार्वजनिक विक्रीला आले, आणि ऑक्टोबरमध्ये तिच्या प्रमुखाने ४३ कोटी डॉलरचे येणे दडवून ठेवल्याचे उघड होऊन आठवड्याभरात ती दिवाळखोरीत गेली. नाव एक, पण त्या नावाखाली अनेक कंपन्या होत्या. फ्युचर्सचे व्यवहार करणारी कंपनी अमेरिकी कायद्याखाली नोंदलेली होती आणि ग्राहकांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवण्याचे बंधन तिच्यावर होते. तिच्या ग्राहकांची खाती नोव्हेंबरमध्ये मॅन फायनान्शियलकडे पैशांसकट गेली आणि त्यांचे कामकाज जवळजवळ न थांबता चालू राहिले. त्याच रेफ्कोच्या परकीय चलन शाखेत खाते असलेल्या किरकोळ ग्राहकांना मात्र असे संरक्षण नव्हते. त्यांची गणना तारण नसलेल्या सामान्य धनकोंमध्ये झाली; म्हणजे कंपनीला कागद पुरवणाऱ्या व्यापाऱ्याच्या रांगेत आपल्या ठेवीसाठी उभे राहायचे. दोन्ही प्रकारच्या ग्राहकांनी एकाच नावावर विश्वास ठेवला होता. फरक पडला तो करारावरच्या कंपनीच्या पूर्ण नावाने आणि तिला लागू असलेल्या कलमांनी. शिवाय ही उणीव अमेरिकेत आजही पूर्ण भरून निघालेली नाही. तिथले नियम जगात कडक मानले जातात, किरकोळ चलन-विक्रेत्याला किमान २ कोटी डॉलरचे भांडवल राखावे लागते, तरीही दिवाळखोरीत फ्युचर्सच्या ग्राहकाला मिळणारे अग्रस्थान फॉरेक्सच्या ग्राहकाला मिळत नाही, आणि तसे आधीच कळवणे कंपनीवर बंधनकारक आहे. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी माणसाने खाते उघडताना ज्या पानांवर न वाचता सही केलेली असते, त्यांतच हे छापलेले असते.

दुसरा प्रसंग १५ जानेवारी २०१५ चा. स्विस मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर २०११ पासून एका युरोला किमान १.२० फ्रँक हा दर राखला होता. त्या गुरुवारी सकाळी साडेदहा वाजता, झुरिकच्या घड्याळानुसार, तिने हा आधार अचानक काढून घेतला आणि काही मिनिटांत युरो १ फ्रँकच्या खाली आला. ज्याने एक लाख युरोचा, म्हणजे एका स्टँडर्ड लॉटचा खरेदी सौदा १.२०१० च्या आसपास उघडा ठेवला होता, त्याचे १०० पट लिव्हरेजवर मार्जिन साधारण १,२०० फ्रँक असणार. भाव १.०० ला आला तेव्हा त्याचा तोटा २० हजार फ्रँकांवर गेला. १.१९५० ला लावलेला स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवण्याचा आदेश, कामी आला नाही, कारण मधल्या भावांना घेणाराच कोणी नव्हता. स्टॉपलॉस म्हणजे त्या भावाला सौदा होईलच अशी हमी नसते, हे अनेकांना त्या दिवशी कळले. खात्यातले पैसे संपून वर देणे निघालेले हजारो ग्राहक एका दिवसात तयार झाले आणि ते देणे वसूल होणार नव्हते. त्याचा भार ब्रोकरांवर आला. लंडनची अल्पारी यूके दिवाळखोरीत गेली. ग्राहकांकडून सुमारे २२.५ कोटी डॉलर येणे निघाल्याचे एफएक्ससीएमला जाहीर करावे लागले, आणि दुसऱ्याच दिवशी ३० कोटी डॉलरचे कर्ज घेऊन ती कशीबशी तगली.

या घटनेतून दोन गोष्टी शिकायला मिळतात आणि त्या एकमेकींना धरूनच वाचल्या पाहिजेत. पहिली अशी की ब्रोकर लबाड नसला तरी बुडू शकतो. तुम्ही स्वतः त्या दिवशी एकही सौदा केलेला नसला तरी शेजारच्या ग्राहकाच्या बेफाम लिव्हरेजमुळे तुमची ठेव धोक्यात येते. दुसरी अशी की बुडाल्यानंतर काय होते ते देश ठरवतो. ब्रिटनमध्ये ग्राहकांचा पैसा कंपनीच्या पैशापासून वेगळा आणि विश्वस्त स्वरूपात ठेवावा लागतो. अल्पारीच्या बाबतीत विशेष प्रशासक नेमले गेले, ग्राहकांची यादी झाली, आणि तिथली भरपाई योजना मदतीला आली. त्या वेळी तिची मर्यादा माणशी ५० हजार पौंड होती, पुढे गुंतवणूक संस्थांसाठी ती ८५ हजार झाली. सायप्रसचा परवाना असलेल्या कंपनीकडे खाते असेल तर तिथल्या निधीतून मिळणारी कमाल भरपाई २० हजार युरो. जपानमध्ये ग्राहकांचे मार्जिन ट्रस्टमध्ये ठेवणे सक्तीचे आहे. आता अल्पारीच एखाद्या दूरच्या बेटावर नोंदलेली असती तर प्रशासक कोणी नेमला असता, यादी कोणी केली असती? सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडिन्स या कॅरिबियन देशाच्या वित्तीय प्राधिकरणाने तर फॉरेक्स दलालीला आपण परवाना देत नाही, असे स्वतःच जाहीर केलेले आहे. तरीही तिथला कंपनी-नोंदणीचा दाखला परवान्यासारखा फ्रेम करून दाखवला जातो. सेशेल्स, वानुआतू, बेलीझ इथे परवाना मिळतो, पण त्यामागे भरपाईची व्यवस्था आणि प्रत्यक्ष तपासणी किती, हा प्रश्न विचारल्याखेरीज त्या कागदाला लंडनच्या परवान्याशेजारी बसवता येत नाही.

इथेच बहुतेकांची चूक होते, आणि ती समजण्यासारखी आहे. एकाच ब्रँडखाली पाच-सहा कंपन्या असतात: एक लंडनमध्ये, एक सायप्रसमध्ये, एक सिडनीत, एक सेशेल्समध्ये. संकेतस्थळाच्या तळाशी सगळ्यांचे परवाना क्रमांक ओळीने दिलेले असतात. भारतातून किंवा आखातातून फॉर्म भरणाऱ्या माणसाला वाटते की आपल्यामागे ब्रिटनची वित्तीय नियामक संस्था एफसीए उभी आहे. प्रत्यक्षात त्याचा देश निवडला गेला की फॉर्म त्याला गुपचूप सेशेल्सच्या कंपनीकडे नेतो, आणि करारावर नाव तिचे येते. क्रमांक खरे असतात, तरी तुमच्या उपयोगाचे नसतात. हे ओळखण्याचा मार्ग कंटाळवाणा असला तरी सोपा आहे. करारातले कंपनीचे पूर्ण नाव आणि नोंदणीचा देश पाहायचा. ते नाव नियामकाच्या स्वतःच्या नोंदवहीत शोधायचे, ब्रोकरने दिलेल्या दुव्यावरून नव्हे. नोंदवहीत दिलेला पत्ता, दूरध्वनी आणि संकेतस्थळ आपल्याला मिळालेल्या माहितीशी जुळते का ते बघायचे, कारण खऱ्या कंपनीचे नाव व क्रमांक उचलून बनावट दुकान थाटण्याचा प्रकार सर्रास चालतो. शेवटी, पैसे ज्या खात्यात भरायला सांगितले आहेत ते त्याच कंपनीच्या नावचे आहे का हे तपासायचे. ही चौथी तपासणी मी सर्वांत महत्त्वाची मानतो. बाकी सगळे कागद बनावट असू शकतात, पण पैसा ज्या नावावर जातो ते नाव तुमच्या बँकेच्या उताऱ्यात उमटते.

याला पहिला आक्षेप लिव्हरेजचा. युरोपसारख्या कडक नियमांच्या ठिकाणी ३० पटच लिव्हरेज मिळते, बेटावरच्या कंपनीत ५०० पट. छोट्या माणसाकडे भांडवल कमी, मग त्याने मोठी संधी का सोडावी, आणि सज्ञान माणसाच्या जोखमीत सरकारने का पडावे? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. स्वतःच्या पैशाची जोखीम घेण्याचा अधिकार मलाही मान्य आहे. पण हिशेब करून बघू. खात्यात १,००० डॉलर आहेत, युरोचा भाव १.१० डॉलर आहे आणि स्प्रेड एक पिप, म्हणजे ०.०००१ डॉलर आहे. ३० पटीने सुमारे २७ हजार युरोचा सौदा होतो, स्प्रेडपोटी २.७० डॉलर जातात, आणि भाव वीस पिप विरुद्ध गेला तर साधारण ५४ डॉलर. ५०० पटीने साडेचार लाख युरोचा सौदा होतो. उघडतानाच ४५ डॉलर, म्हणजे भांडवलाचे साडेचार टक्के, स्प्रेडमध्ये गेले, आणि त्याच वीस पिपांत ९०० डॉलर. युरो-डॉलरमध्ये वीस पिपांची हालचाल ही रोजची गोष्ट आहे. स्प्रेड भांडवलावर लागत नाही, सौद्याच्या पूर्ण रकमेवर लागतो. त्यामुळे ज्याला संधी म्हटले जाते तिची किंमत ग्राहक आधीच मोजतो, आणि ब्रोकरचे उत्पन्न तितक्याच पटीत वाढते. युरोपीय नियामक एस्माने २०१८ मध्ये ३० पटीची मर्यादा घातली तेव्हा वेगवेगळ्या देशांच्या अभ्यासांचा आधार दिला होता: किरकोळ ग्राहकांची ७४ ते ८९ टक्के खाती तोट्यात, सरासरी तोटा १,६०० ते २९,००० युरो. जपानने २०१० मध्ये ५० पट आणि पुढच्या वर्षी २५ पट मर्यादा आणली, अमेरिकेने २०१० मध्ये प्रमुख चलनांसाठी ५० पट, ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये ३० पट. बाजारांच्या परंपरा इतक्या वेगळ्या असूनही हे देश स्वतंत्रपणे एकाच दिशेला आले. म्हणून मी तर म्हणेन की ५०० पट लिव्हरेजची जाहिरात हीच त्या कंपनीच्या नियमनाची माहिती आहे. कडक नियामकाच्या दारात किरकोळ ग्राहकाला एवढे लिव्हरेज देताच येत नाही. खात्यात उणे शिल्लक राहिली तरी ग्राहकाकडून वसूल करायची नाही, हा नियमही एस्माने त्याच वेळी सक्तीचा केला. फ्रँकच्या त्या गुरुवारी देणेकरी झालेल्यांना हे संरक्षण कायद्याने मिळालेले नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: नियमन असलेल्या कंपन्याही बुडतातच की. खरे आहे. अमेरिकेत आयोवातल्या पेरेग्रीन फायनान्शियल ग्रुप या दलाली कंपनीच्या मालकाने जवळजवळ वीस वर्षे बँकेची खोटी विवरणपत्रे घरच्या घरी तयार करून नियामकाला पाठवली. जुलै २०१२ मध्ये उघडकीला आले तेव्हा ग्राहकांचे २० कोटी डॉलरहून अधिक पैसे गायब होते. आपल्याकडे कार्वी स्टॉक ब्रोकिंगने ग्राहकांचे शेअर स्वतःच्या कर्जासाठी गहाण ठेवले. सेबीचा आदेश नोव्हेंबर २०१९ मध्ये आला, तोवर हे चालू राहिले. नियामक डोळ्यांत तेल घालून बसलेला असतो, असा समज कोणी करून घेऊ नये, आणि हे पुस्तकही तसा समज करून देत नाही. पण पुढे काय झाले ते पाहिले पाहिजे. पेरेग्रीनचा मालक ५० वर्षांच्या कैदेत गेला आणि ब्रोकरने दिलेल्या कागदावर विसंबण्याऐवजी बँकांकडून थेट रोजची शिल्लक मागवण्याची पद्धत अमेरिकेत आली. तिथेही, रेफ्कोप्रमाणेच, फ्युचर्सच्या ग्राहकांना आधी मिळाले आणि फॉरेक्सच्या ग्राहकांना न्यायालयाने त्या रांगेत घेतले नाही. कार्वीच्या ८० हजारांहून अधिक ग्राहकांचे शेअर डिसेंबर २०१९ च्या सुरुवातीलाच त्यांच्या डिमॅट खात्यांत परत आले, कारण शेअर कोणाचे हे सांगणारी डिपॉझिटरी आणि आदेश देऊ शकणारी सेबी दोन्ही होत्या. चोरी होणारच नाही, असे नियमन सांगत नाही. चोरी झाल्यावर मालक कोण ते सिद्ध करण्याची जागा ते देते, आणि ही जागा नसेल तर सचोटीच्या सगळ्या गप्पा फोल आहेत.

आता भारतात राहणाऱ्या वाचकाविषयी, कारण हे पुस्तक सर्वाधिक तोच वाचणार. त्याच्या बाबतीत ब्रोकर निवडण्याचा प्रश्न बराचसा कायद्यानेच सोडवून ठेवला आहे, आणि हे त्याला कोणी सांगत नाही याची मला चीड येते. १९९९ च्या फेमा कायद्यानुसार निवासी भारतीयाला परकीय चलनाचा व्यवहार अधिकृत व्यक्तीशी आणि परवानगी असलेल्या कारणासाठीच करता येतो. उदारीकृत प्रेषण योजनेत, जिला सगळे एलआरएस म्हणतात, वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. परदेशातले शेअर घेता येतात, मुलांची फी भरता येते. पण परदेशी एक्स्चेंजला किंवा परदेशी ब्रोकरला मार्जिन म्हणून पैसे पाठवणे या योजनेत स्पष्टपणे वर्ज्य आहे. म्हणजे लंडनची परवानाधारक, चोख कंपनी असली तरी पुण्यात राहून तिच्याकडे मार्जिनवर युरो-डॉलर खेळता येत नाही. उल्लंघन झाले तर रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये अनधिकृत फॉरेक्स मंचांची सावधगिरी यादी काढली तेव्हा तिच्यात ३४ नावे होती. ऑक्टोबर २०२४ पर्यंत ती ८८ वर गेली. यादीत नाव नाही म्हणून एखादा मंच अधिकृत ठरत नाही, हे त्या यादीतच लिहिलेले आहे. आयपीएल संघाच्या प्रायोजकांमध्ये झळकलेली ऑक्टाएफएक्स पहिल्याच यादीत होती. तिच्याविरुद्धचा सक्तवसुली संचालनालयाचा (ईडी) तपास पुण्यातल्या शिवाजीनगर पोलीस ठाण्यात नोंदलेल्या गुन्ह्यावरून सुरू झाला. ग्राहकांचे पैसे दुसऱ्याच नावांच्या स्थानिक खात्यांमधून फिरवले गेले, हे ईडीचे म्हणणे आहे. क्रिकेटपटूंच्या अंगावरच्या जाहिरातीला परवान्याइतके वजन देणाऱ्यांनी ही माहिती शेजारी ठेवून पाहावी.

यावर नेहमीचे उत्तर असे की हजारो लोक करतात, कोणाला काही झालेले नाही. आणि मी आधी थोडे पैसे काढून बघितले, लगेच आले. थोडे पैसे परत येणे हा अशा दुकानांच्या कामाचाच भाग आहे. मोठी रक्कम भरली जावी यासाठी पहिली छोटी रक्कम तत्परतेने दिली जाते. मोठी रक्कम काढायला गेल्यावर मग कर भरा, पडताळणी शुल्क भरा, बोनसची अट पूर्ण करा, असे सुरू होते. आणि पैसे जातात कसे ते पाहा. ब्रोकर परदेशी, पण भरणा यूपीआयने, कोणत्या तरी ट्रेडर्स किंवा एंटरप्रायझेस नावाच्या खात्यात, जे प्रत्येक वेळी बदलते. त्या क्षणी तुमच्या आणि त्या परदेशी कंपनीच्या दरम्यान पैशाचा कोणताही कायदेशीर धागा उरत नाही. उद्या तक्रार करायची तर म्हणायचे काय? मी अमुक ब्रोकरला पैसे दिले, हे तुमचा बँक उतारा सांगत नाही. त्यात एका अनोळखी दुकानाचे नाव असते. परतीचे पैसेही अशाच खात्यातून येतात. ते खाते आधीच एखाद्या सायबर गुन्ह्यात अडकलेले असेल तर सचोटीने नोकरी करणाऱ्या माणसाचे पगाराचे खाते गोठते आणि सुटकेसाठी दुसऱ्या राज्याच्या पोलिसांकडे खेटे घालावे लागतात. काही झाले नाही असे म्हणणाऱ्यांनी आपला दावा कोणापुढे मांडायचा हे एका वाक्यात सांगून पाहावे.

मग भारतात काय उरते? राष्ट्रीय शेअरबाजारावर ऑगस्ट २००८ पासून डॉलर-रुपयाचे फ्युचर्स आहेत, एका लॉटला १,००० डॉलर. पुढे युरो, पौंड, येन आले. सेबीकडे नोंदलेला ब्रोकर, मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन, तक्रारीला ठरलेली वाट. पण इथेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की हे दार सगळ्यांसाठी सताड उघडे नाही. रिझर्व्ह बँकेने ५ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट केले की रुपया असलेले हे करार खऱ्या चलन-जोखमीच्या बचावासाठी आहेत. १० कोटी डॉलरपर्यंत कागदपत्रे दाखवावी लागत नसली तरी जोखीम खरोखर असली पाहिजे. ३ मे २०२४ पासून हे लागू झाले आणि एक्स्चेंजवरची उलाढाल कोसळली. सट्टा करणाऱ्यांना हा धक्का होता, आणि पंधरा वर्षे चालू दिलेली गोष्ट एका परिपत्रकाने आवळल्याबद्दलची त्यांची तक्रार अगदीच गैर नव्हती. तरी याचा अर्थ बाहेरच्या बेटाची वाट धरावी असा होत नाही. ज्याला चलनाशी खरोखर काम आहे, त्याची सोय आहे. नाशिकचा द्राक्ष-निर्यातदार मार्चमध्ये कंटेनर रॉटरडॅमला पाठवतो आणि त्याचे युरो मे महिन्यात येणार असतात. मधल्या दोन महिन्यांत युरो दोन रुपयांनी घसरला तर एक लाख युरोच्या बिलावर दोन लाख रुपये जातात. त्याने बँकेत फॉरवर्ड करार करावा, किंवा एक्स्चेंजवर युरो विकून ठेवावे. डॉलरसाठी क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचा एफएक्स-रिटेल मंच ऑगस्ट २०१९ पासून आहे. बँकेमार्फत त्यावर नोंदणी केली की बाजाराचा भाव आणि बँकेची आकारणी दोन्ही वेगवेगळे दिसतात. शाखेत सांगितला जाणारा दर आणि या मंचावरचा दर यांत डॉलरमागे काही पैशांचा फरक असतो, आणि मोठ्या बिलावर तो हजारांत जातो. छोट्या निर्यातदारांपैकी किती जण हा मंच मागून घेतात? बँक आपणहून सांगेल अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. या पुस्तकातले त्यावरचे प्रकरण मला सर्वांत उपयोगाचे वाटते, जरी त्यात चार्ट एकही नाही.

परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकाची गोष्ट वेगळी. दुबईत, लंडनमध्ये किंवा मेलबर्नमध्ये तो तिथल्या कायद्याखाली तिथल्या परवानाधारक कंपनीत खाते उघडू शकतो, आणि त्याच्यासाठी या पुस्तकातली देशवार प्रकरणे सरळ लागू पडतात. त्याने फक्त एवढे पाहावे की त्याचा करार त्याच देशातल्या कंपनीशी आहे. दुबईत कार्यालय असलेली कंपनी खाते मात्र मॉरिशसच्या भावंडाकडे उघडून देते, असे होऊ शकते. मग समोरच्या काचेच्या इमारतीचा उपयोग चहापुरता राहतो. आणि परत येण्याचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे सहसा शेवटच्या महिन्यातही लक्ष जात नाही. भारतात कायमचे राहण्यासाठी उतरल्यावर माणूस फेमाच्या दृष्टीने निवासी होतो. परदेशात असताना मिळवलेली परकीय मालमत्ता कायद्याच्या कलम ६(४) प्रमाणे तो बाळगू शकतो, पण त्या पैशावर मार्जिनचे नवे सौदे पुण्यातून चालू ठेवणे हा वेगळा प्रश्न आहे. त्याचा लेखी सल्ला फेमा जाणणाऱ्या सनदी लेखापालाकडून विमानाचे तिकीट काढण्याआधी घ्यावा, आणि उघडे सौदे निघण्यापूर्वी मिटवून पैसे स्वतःच्या बँक खात्यात आणून ठेवावेत.